त्रिकोण पडला तरी त्रिकोणच : पहिली-दुसरीच्या वर्गातल्या नोंदी

९ जून, सोमवार

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आमची सरकारी मराठी शाळा. पहिली-दुसरी एकाच खोलीत, मिळून तेवीस मुलं. यंदा पहिल्या सत्रात आकारांवर नीट काम करायचं मनात होतं, आज सुरुवात केली. रोज जमणार नाही, पण वर्गात जे घडेल ते त्याच संध्याकाळी लिहून ठेवायचं. मुलांची नावं मुद्दाम घालत नाही.

आज काही शिकवलं नाही, नुसतं विचारलं. काळ्या स्केचपेनने चौदा कार्डांवर आकृत्या काढल्या होत्या. एकेकाला टेबलाजवळ बोलावून म्हटलं, "यातले त्रिकोण तेवढे काढून दे."

तळाची बाजू आडवी, टोक वर, तिन्ही बाजू सारख्या, असा त्रिकोण सगळ्यांनी उचलला. तोच टोक खाली करून काढलेला बहुतेकांनी बाजूला सारला. कारण विचारलं तर, "बाई, त्यो पडलाय." एक लांबुळका, अणकुचीदार त्रिकोण होता, त्याला नाव मिळालं 'सुरी'. उलट समोशासारखा, बाजू फुगलेला आकार जवळजवळ सगळ्यांनी त्रिकोणांच्या गठ्ठ्यात घातला. एका कोपऱ्यात फट राहिलेली आकृतीही चालून गेली. "जरासंच उघडं हाय की," असं दुसरीतली एक मुलगी म्हणाली.

कोनावर उभा केलेला चौरस म्हणजे शंकरपाळी, यावर पूर्ण एकमत. "चौरस नाही का हा?" "न्हाई बाई, शंकरपाळी शंकरपाळीच असती," एक मुलगा म्हणाला.

वर्गाच्या भिंतीकडे पाहिलं तर मुलांचा काय दोष? व्हरांड्यात रंगवलेला त्रिकोण तळावर बसलेला आणि सारख्या बाजूंचा. शाळेत प्लास्टिकच्या आकारांचा एक डबा आहे, त्यात त्रिकोण सगळे समभुज आणि सगळे लाल. चौरस निळे, वर्तुळं पिवळी. पहिलीतला एक बारका मुलगा माझ्या कार्डांकडे बघून म्हणाला, "यात लाल न्हाई कुठला." त्याच्या लेखी लाल असणं हीसुद्धा त्रिकोणाची अट होती. चार वर्षं मी तो डबा वापरतेय आणि हे मला आज कळलं.

११ जून, बुधवार

नेदरलँड्समधलं एक शिक्षक दांपत्य होतं, डीना आणि पिअर व्हॅन हिले. १९५७ साली उट्रेख्त विद्यापीठात दोघांनी भूमितीच्या शिकण्यावर प्रबंध दिले. त्यांनी सांगितलेल्या पायऱ्यांतली पहिली अशी की मूल आकार अख्खा, चेहऱ्यासारखा ओळखतं. "दारासारखा दिसतो म्हणून आयत." दुसऱ्या पायरीवर ते आकाराचे गुण बघू लागतं, बाजू किती, कोन कसे. ही पायरी नुसतं वय वाढल्याने चढली जात नाही, शिकवण्यावर बरंच अवलंबून असतं, हे त्यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. आमची मुलं परवा पहिल्या पायरीवर होती.

आपलीच मुलं मागे आहेत असंही नाही. अमेरिकेत क्लेमेंट्स, सरामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना असेच आकार ओळखायला दिले होते, १९९९ साली ते छापून आलं. वर्तुळ जवळजवळ सगळ्यांना आलं, त्रिकोण साधारण साठ टक्के वेळा आणि आयत त्याहूनही कमी.

१६ जून, सोमवार

रविवारी बेळगावला गेले होते. गणपत गल्लीतून कार्डशीट आणली आणि रात्री बसून चाळीसेक आकार कापले. या वेळी खबरदारी घेतली. त्रिकोण सगळ्या रंगांचे, लहान-मोठे, बारीक-रुंद, आणि 'त्रिकोण नसलेले' आकारही तितकेच. फळ्याखाली खडूने दोन गोल काढले, एकात त्रिकोण ठेवायचे, दुसऱ्यात बाकीचे.

वाटणी इतकी झटपट आणि अचूक झाली की मलाच शंका आली. पहिलीतला तो लालवाला बारका आकाराकडे धड न बघता बोटांनी चाचपून टाकत होता. मग लक्षात आलं. कार्डशीट संपली म्हणून शेवटचे पंधरा-वीस आकार मी जुन्या कॅलेंडरच्या पानांचे कापले होते, आणि ते नेमके 'नसलेले'च होते. गुळगुळीत कागद म्हणजे त्रिकोण नाही, हे मुलांनी दोन मिनिटांत हेरलं होतं.

अख्खा तास वाया गेला आणि मला वाईट वाटलं, कारण मुलं मन लावून करत होती. पण एक गोष्ट पक्की लिहून ठेवते. मूल नियम शोधतंच. आपण पुढे ठेवलेल्या वस्तूंत जो नियम सगळ्यात सोपा सापडेल तो उचलतं. म्हणून ज्या गुणाशी आकाराच्या नावाचा संबंध नाही, तो दोन्ही गोलांत सारखाच विखुरलेला हवा : रंग, माप, कागद, कापण्याची सफाईसुद्धा.

आकार पुन्हा कापले, सगळे एकाच कागदाचे.

१९ जून, गुरुवार

आजचा दिवस चांगला गेला.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करायला शिकवायचे. लहान मुलांच्या हाती काड्यापेटी द्यायला मन होईना, म्हणून मी खराट्याच्या हिरी घेतल्या. सायकलवाल्याकडून हातभर व्हॉल्व ट्यूब आणली, बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. तुकड्याच्या दोन तोंडांत दोन हिरी खुपसल्या की कोपरा तयार होतो आणि तो हवा तसा वाकतो.

पहिलं काम, तीन हिरींचं घर बंद करा. कुणाची घरं उंच झाली, कुणाची बसकी. दोघांचं काही केल्या बंद होईना, कारण त्यांच्याकडे एक लांब आणि दोन अगदी आखूड हिरी आल्या होत्या. आखूड दोन्ही मिळून लांब हिरीएवढ्याही भरत नव्हत्या. त्यांनी खूप ओढाताण केली. शेवटी एकाने स्वतःच लांब हीर मोडली आणि घर बंद झालं. हा नियम पुढे मोठ्या वर्गात येतो. मी काही बोलले नाही, त्याच्या हाताला तो कळला होता.

दुसरं काम, ते घर दाबून बघा. त्रिकोण हलेना. मग सारख्या चार हिरींचा चौरस केला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवून दाबला, तर तो कलंडून जमिनीला टेकला. पुन्हा उभा केला, पुन्हा कलंडला. वर्गात एकच कल्ला.

तेवढ्यात शंकरपाळीवाला मुलगा कलंडलेली आकृती दोन्ही हातांत धरून उभा राहिला. "बाई, आता हाय खरी शंकरपाळी!" त्याचं बरोबर होतं. घरी पोळपाटावर तिरकी कापलेली शंकरपाळी अशीच असते, बाजू सारख्या पण कोपरे दोन टोकदार नि दोन पसरट. मी कार्डावरचा उभा चौरस त्याच्या शेजारी ठेवला. "आणि हा?" त्याने कार्ड फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. मग हळू आवाजात म्हणाला, "ह्यो फिरवला तर चौरस होतोय. माझा फिरवला तरी होत न्हाई."

फिरवल्याने जे बदलतं ते नुसतं बसणं, आणि दाबल्याने जे बदलतं ते आकाराचं अंग. हा फरक मला वाक्यात सांगता आला नसता, तो त्याच्या हातात होता. चार बाजू सारख्या एवढ्यावर चौरसाचं भागत नाही, कोपरेही बघावे लागतात, हेही तिथेच निघालं.

२५ जून, बुधवार

पाऊस. मलप्रभेचं पाणी वाढलंय, पलीकडची मुलं आली नाहीत. आठ जणांत नवं काही घेतलं नाही, हिरींची घरंच पुन्हा केली.

२ जुलै, बुधवार

आमच्या आवारातच कन्नड शाळा आहे. मधल्या सुट्टीत तिथल्या बाई आल्या, हिरींचे त्रिकोण बघून म्हणाल्या, "आमच्याकडे हे त्रिभुज." मुलांना हा शब्द ठाऊक होताच, त्यांच्या कन्नडच्या तासाला येतो. पण आज एका मुलीने विचारलं, "बाई, मग कोपरे मोजायचे की बाजू?"

खरंच, आपला शब्द कोपरे मोजतो आणि कन्नड शब्द बाजू मोजतो. आपल्यातही भुज आहेच, समभुज त्रिकोण म्हणताना आपण एकाच दमात दोन्ही मोजतो. आर्यभटाने क्षेत्रफळाचा नियम सांगताना त्रिभुज हाच शब्द वापरलाय.

मुलांना म्हटलं, दोन्ही मोजा, कधी वेगळे येतात का बघा. अर्धा तास शोधलं. एकाने फटीची आकृती आणली, बाजू तीन पण कोपरे दोनच. एकीने समोसा आणला, कोपरे तीन, आणि बाजू? "तीन हायत, पण वाकड्या." त्यावरून चांगलीच जुंपली. समोशाची बाजू ही बाजू धरायची का? शेवटी हीर ठेवून बघायचं ठरलं. हीर जिथे अख्खी टेकते ती सरळ बाजू. समोशाला हीर टेकली नाही. त्रिकोणाच्या तीन अटी आज मुलांच्या तोंडून आल्या : तीन बाजू, सरळ, आणि कुठे फट नाही. 'बंदिस्त' हा पुस्तकातला शब्द मी दिला, त्यांनी तो 'दार लावलेला' असा करून घेतला. राहू दे तसाच.

सीमेवरच्या मुलांवर दोन भाषांचं ओझं पडतं अशी तक्रार मी नेहमी ऐकते, स्वतःही केली आहे. आज त्या दोन शब्दांनीच धडा पुढे नेला.

एक अडचण मात्र मराठीचीच. घरी 'चौकोन' म्हणजे चौरस, पुस्तकात 'चौकोन' म्हणजे चार बाजूंची कुठलीही बंदिस्त आकृती. कॅरम चौकोनी, रुमाल चौकोनी, आणि पतंगही पुस्तकाप्रमाणे चौकोनच. मी वर्गात ठरवून टाकलं, चार बाजू दिसल्या की चौकोन म्हणायचं, चौरस म्हणायच्या आधी तपासायचं.

८ जुलै, मंगळवार

तपासायचं म्हणजे कशाने, हा प्रश्न राहिला होता. आधी कागदाचा कोन केला. फाटका, वेडावाकडा कसलाही कागद घ्यायचा, एकदा घडी घालायची, मग ती घडी घडीवरच बरोबर बसेल अशी दुसरी घडी. तयार होणारा कोपरा नेमका काटकोन असतो. तेवीस मुलांचे तेवीस कागद वेगवेगळे, पण कोपरे एकमेकांवर ठेवले की जुळतात. याचं मुलांना फार अप्रूप वाटलं.

मग दुसरीतल्या एका मुलाचे वडील आले. ते गवंडी आहेत, पावसाने काम बंद होतं म्हणून मी बोलावलं होतं. "भाऊ, तुम्ही भिंत काटकोनात कशी धरता ते मुलांना दाखवा." ते लाजले. "बाई, मी काय शिकवणार?" पण पिशवीतून गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, काढला आणि पुढे तासभर वर्ग त्यांचाच होता.

आधी गुण्या दाराच्या चौकटीला लावला, मग फळ्याला, मग माझ्या टेबलाला. टेबल काटकोनात नाही हे सगळ्यांना समजलं. नंतर व्हरांड्यात दोरीने पाया आखून दाखवला. एका दोरीवर कोपऱ्यापासून तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवायची. पाच आलं की कोपरा गुण्यात. शेवटी समोरासमोरच्या बाजू सारख्या घेऊन चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आणि कोनातून कोनात दोरी ताणली, एकदा इकडून, एकदा तिकडून. "दोन्ही सारखी आली म्हणजे खोली तिरकी न्हाई."

मुलांनी लगेच हिरींचा चौरस आणला. उभा असताना दोन्ही दोऱ्या सारख्या, कलंडवला की एक लांब, एक आखूड. ज्याचे वडील आले होते तो मुलगा एरवी तोंड उघडत नाही. आज प्रत्येकाची दोरी तोच धरत होता.

१५ जुलै, मंगळवार

नवा खेळ, 'नाव राहिलं की गेलं?' फळ्यावर त्रिकोण. प्रत्येकाने येऊन त्यात एकच बदल करायचा, बाकीच्यांनी ओरडून सांगायचं. मोठा केला, राहिलं. आत रंग भरला, राहिलं. टोक खाली केलं, राहिलं. (इथे पाच-सहा जण अजून अडखळतात, त्यांनी खाली वाकून डोकं उलटं करून पाहिलं.) एक बाजू वाकवली, गेलं. कोपरा पुसला, गेलं. एका कोपऱ्याचं टोक छाटलं, तेव्हा थोडी शांतता. मग बाजू मोजल्या, चार. "गेलं बाई, चौकोन झाला!"

मला व्याख्या म्हणून हवं होतं ते हेच. पाठ केलेलं वाक्य मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात. काय बदललं तर नाव जातं, हे एकदा हाताखालून गेलं की नव्या आकृतीपाशीही तोच प्रश्न ती स्वतःला विचारतात.

२४ जुलै, गुरुवार

आज मीच अडचणीत आले. चौकोनांची तपासणी चालू होती. आयत कुठले? मुलांनी ठरवलेली अट होती, चार बाजू आणि चारी कोपऱ्यांत कागदाचा काटकोन बसला पाहिजे. एका मुलीने चौरस उचलून आयतांत ठेवला. "चारी कोपऱ्यांत बसला की." बाकीचे तिच्यावर तुटून पडले, "त्यो चौरस हाय!" ती हटली नाही. "चौरस बी हाय. पण कोपरे बसलेत न्हाई का?"

मधल्या सुट्टीत हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, दुसरीच्या मुलांना कशाला गोंधळात टाकता, आयत म्हणजे दोन लांब दोन आखूड, सांगून मोकळ्या व्हा. त्यांच्या म्हणण्यालाही आधार आहे. ग्रीक गणिती युक्लिडने 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्याच भागातल्या बाविसाव्या व्याख्येत लांबट चौकोन वेगळा काढलाय : कोन काटकोन, पण बाजू सारख्या नाहीत. म्हणजे त्याच्या हिशेबी चौरस त्यात येत नाही. आज गणितात आपण चौरसाला आयताचाच एक प्रकार धरतो, कारण आयताबद्दल जे जे सिद्ध होतं ते चौरसालाही लागू पडतं. दोन्ही मतं विचारपूर्वक मांडलेली आहेत. पण आपल्या शाळेला पुढच्या वर्गांत यातलं दुसरं मतच लागणार आहे. 'दोन लांब दोन आखूड' आत्ता पक्कं केलं तर नंतर ते पुसायला फार वेळ जातो, हे मी सहावीला शिकवताना पाहिलंय. मी हेडमास्तरांना एवढंच म्हटलं की 'चौरस आयत असतो' असं दुसरीत रेटणार नाही, पण 'नसतो' असंही सांगणार नाही.

त्या मुलीला मी सगळ्यांसमोर बरोबर म्हटलं. तिने चौरस आयतांतच राहू दिला.

३० जुलै, बुधवार

काल नागपंचमीची सुट्टी. आज वर्तुळ.

गंमत अशी की वर्तुळ सगळ्यांना ओळखता येतं आणि ते वर्तुळ का, हे कुणालाच सांगता येत नाही. "गोल हाय म्हणून गोल." अंडंही गोलच, त्यांच्या भाषेत.

मैदान थोडं वाळलं होतं. मधोमध खुंटी ठोकली, दोरीच्या टोकाला काठी बांधली, दोरी ताणून एका मुलाला फिरायला लावलं. चिखलात सुंदर वर्तुळ उमटलं. एका मुलीला आजोबांनी सांगितलेलं खळं आठवलं. मधे मेढ रोवायची आणि तिला बांधलेले बैल फिरवायचे, म्हणून खळं गोल. मग मी दोरीच्या जागी परकराचं इलास्टिक बांधलं. मुलगा जोरात ओढायचा तिथे रेष बाहेर जायची, सैल सोडायचा तिथे आत यायची. मुलांनी दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी बघितल्या. "इलास्टिक लांब होतंय, दोरी न्हाई होत." मधल्या खुंटीपासून सगळीकडे सारखं अंतर, ही वर्तुळाची अट. पहिलीतल्यांना ती शब्दांत सांगता आली नाही, पण बांगडी ठेवून मधली जागा शोधायला लागली तीच मुलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

पहिल्या दिवशीच्या चौदा आकृत्या पुन्हा दिल्या, सोबत आधी न दाखवलेल्या सहा. उलटा त्रिकोण आता दोघे सोडून सगळ्यांना चालतो. सुरीही आली. समोसा बहुतेकांनी हीर लावून बाद केला. फटीवर अजून तिघं फसतात. शंकरपाळीवाल्याने उभा चौरस हातात घेतला, कागदाचा काटकोन चारी कोपऱ्यांत घातला आणि काही न बोलता चौरसांत ठेवला.

पहिलीतला बारका मात्र अजून लाल रंगाकडे झुकतो. आज त्याने लाल वर्तुळ त्रिकोणांत ठेवलं, मग स्वतःच परत उचललं. "ह्याला कोपरे न्हाईत." प्लास्टिकचा डबा मी कपाटात ठेवून दिलाय. त्याला पुढचे पंधरा दिवस एका रंगाच्याच आकृत्या द्यायच्या आहेत.

राहिलेलं काम : घन आणि ठोकळे अजून घेतले नाहीत. गवंडीभाऊ वीट आणि मंगळुरी कौल आणून देतो म्हणालेत. गणपतीच्या सुट्टीनंतर त्यावर बसायचं. व्हॉल्व ट्यूब संपली आहे, हिरीही.